कानाचं दुसरं मशीन

आई, तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, म्हणून आधी घरच्यांची ओळख करून देतो. मला बायको आहे, बारा वर्षांची मुलगी आहे आणि तिच्याहून लहान एक मुलगा. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांमागे मशीन लावलं की येतं, आणि मग ती आपल्या सगळ्या खानदानाला पुरून उरेल इतकं बोलते, इथल्या पोरांसारखं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. माझं नानाखेड्याला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कोणाच्या हाताखाली राहिलो नाही. जळलेल्या मोटरी उकलून, एकेक वेढा मोजून शिकलो. मी तार भरलेली मोटर पुन्हा दुरुस्तीला येत नाही, हे तुला सांगायचंच होतं.

गेल्या रविवारी आम्ही चौघं जानापावचा डोंगर चढून आलो. उतरताना एका सपाट शिळेवर पाणी प्यायला थांबलो. मुलीने टोपी काढली, टोपीच्या रबरात अडकून उजव्या कानामागचं मशीन निसटलं आणि खाली पडलं. "पप्पा, उजवा कान गया," एवढंच म्हणाली. शिळेखाली उतार, वाळलेलं गवत, सुटे दगड. दुसऱ्या दिवशी शाळेची वादविवाद स्पर्धा होती. तिचं नाव पहिल्यांदाच लागलेलं. समोरचा काय बोलला हे नीट ऐकू आलं नाही तर उत्तर कसलं देणार? तासभर आम्ही गवत चाचपलं. "गाय खा गई होगी," असं म्हणून मुलाने बहिणीचा एक धपाटा खाल्ला. बायको म्हणाली, "चला आता, अंधार व्हायच्या आत खाली पोचू." मी म्हणालो, मशीन घेतल्याशिवाय मी उतरणार नाही.

आणि मला माधव नगरचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू पाटावर बसून पोत ओवते आहेस. आपल्या ओळखीतल्या सगळ्या मराठी बायका मंगळसूत्रं तुझ्याकडेच आणतात. एकीचा सोन्याचा मणी तुझ्या बोटांतून सुटतो आणि मी लगेच रांगत फरशीवर हात फिरवायला लागतो. तू पाठीत रट्टा घालतेस. "हात फिरवून मणी लोटशील अजून लांब. बस तिथेच." मग त्याच पोतीतला दुसरा मणी, तेवढाच, त्याच उंचीवरून, त्याच जागी तू सोडतेस. लोकांचं सोनं, आई! तो टप्पा घेतो, वळतो, मोरीच्या कट्ट्याखालच्या फटीत जातो. तिथे दोन्ही असतात.

मी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं आणि मुलीला सांगितलं, दुसरं मशीन दे. बायको म्हणाली, "दिमाग ठिकाणावर आहे का तुमचा? तेही गेलं तर पोरीला घरापर्यंत काही ऐकू येणार नाही." मी म्हणालो, दगड टाकला तर दगडासारखा पडेल. वजन तेच हवं, आकार तोच हवा. मुलगी एका कानाने सगळं ऐकत होती. "आणि तेही हरवलं तर?" तिने विचारलं. "तर दोन्ही शोधू." तिने थोडा विचार केला. "चलेगा," म्हणाली, आणि डाव्या कानामागचं मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यानंतर आम्ही काय बोललो ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. ती मघाच्याच जागी, तशीच उभी राहिली. मी तिच्या उजव्या कानाजवळ हात नेला आणि मशीन सोडलं.

ते शिळेवर आपटलं, डावीकडे उडालं आणि एका झुडपाच्या मुळाशी असलेल्या भेगेत गेलं. मुलगी धावली. कोपरापर्यंत हात घालून आधी एक काढलं, मग आणखी आत चाचपून दुसरं. शर्टाला पुसून दोन्ही लावली आणि पहिलं वाक्य भावाला ऐकवलं, "गायीच्या पोटात नव्हतं, कळलं?" स्पर्धेत ती दुसरी आली. समोरच्या मुलाचा एकेक मुद्दा तिने खोडला.

दुकानात येईल त्याला मी ही गोष्ट सांगतो. तुझं नावही घेतो. पण हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला खरं ते सांगतो. मशीन हातातून सुटलं तेव्हा माझे डोळे मिटले होते. आपटल्याचा आवाज तेवढा ऐकला. कुठे उडालं, कुठे गेलं, ते पोरीने पाहिलं.