पंचवीस मार्चच्या आत

वर्दिंग,
बुधवार, १३ मार्च २०२४

प्रिय क्लिफर्ड,

तू बरा असशील असं धरून चालते. गुडघा काय म्हणतोय? तिकडे हल शहरात इथल्यापेक्षा जास्त गारठा असेल. इथे समुद्रावरून असा वारा सुटलाय की बाल्कनीतल्या कुंड्या आत आणून ठेवल्यात. वरचे मिस्टर ओझान ठणठणीत आहेत आणि रोज सकाळी सातला ट्रम्पेट वाजवून ते साऱ्या इमारतीला कळवतात.

आता कामाचं. आईच्या फ्लॅटच्या लीजची मुदत वाढवून घ्यायचा अर्ज सप्टेंबरपर्यंत दिला तरी चालेल, असं मी धरून बसले होते. ते चुकलं. सोमवारी सॉलिसिटरकडे गेले होते. मिस ॲटवॉटर म्हणून पोरगेलीशी बाई आहे, पण कागद वाचते मन लावून. मी तिला ऐटीत सांगितलं, आई सतरा सप्टेंबर दोन हजार पाचला इथे राहायला आली, आम्ही दरवर्षी फ्लॅटचा वाढदिवस केक कापून करतो. तुला आठवतंय ना, एकदा तू मेणबत्तीसुद्धा विझवली होतीस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो वाढदिवस तुमच्या घरचा, मिसेस पर्डी. लीज लेडी डेपासून मोजायचं, त्या वर्षीच्या पंचवीस मार्चपासून. कागदावर तसंच लिहिलंय."

अठरा वर्षं आपण चुकीच्या दिवशी केक खाल्ला. नव्व्याण्णव वर्षांच्या लीजमधली ऐंशीहून कमी उरली की मुदतवाढीची किंमत एकदम चढते, हे तूच मला शिकवलंस. तो दिवस सप्टेंबरात नाही, येत्या पंचवीसला आहे. त्याच्या आत अर्जाची नोटीस जमीनमालक कंपनीच्या हातात पडायला हवी, म्हणजे बावीसच्या शुक्रवारपर्यंत. ती चुकली, तर वाढीव रक्कम ना तुला झेपणार, ना मला. मग हा फ्लॅट दरवर्षी कमी कमी मोलाचा होत जाईल आणि आपण दोघं नुसते बघत बसू.

आईनंतर फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून नोटिशीवर दोघांच्याही सह्या लागतात. माझी केली आहे. तुझ्या जागेपुढे पेन्सिलीनं फुली मारली आहे. तू ऑक्टोबरात पाठवलेला कागद पोस्टात गहाळ झाला, म्हणून पुन्हा त्रास देते आहे.

गुरुवार

काल इथवर लिहिलं आणि पाकीट चिकटवायला घेतलं. चिकटवेना. सकाळी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

क्लिफ, तुझा कागद गहाळ झाला नव्हता. पोस्टमननं बेल वाजवली, त्याच्या हातातल्या यंत्रावर मी बोटानं सही केली आणि पाकीट घेतलं. आत नोटीस होती, तुझी सही होती आणि एक चिठ्ठी होती: "मुदत वाढली की विकू. मला माझा वाटा हवा." मी ती तीनदा वाचली. मग दोन्ही कागद फाडून चहाच्या चोथ्याखाली टाकले. आईची शेवटची सहा वर्षं मी इथे काढली, आणि आता मला इथून उठवायला तू एक पाकीट पाठवलंस, असंच वाटलं मला तेव्हा. राग आला. भीती तर त्याहून जास्त वाटली. बासष्टाव्या वर्षी मी कुठे जाऊ? म्हटलं, ढकलत राहू, सप्टेंबर लांब आहे.

नाताळात तू फोन करून कागद मिळाला का विचारलंस, तेव्हा मी धडधडीत खोटं बोलले. "पोस्टाचा काय भरवसा," असंसुद्धा म्हणाले. तू नुसतं "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तेव्हापासून माझा फोन तू उचललेला नाहीस.

मला वाटलं, आईच्या अंत्यविधीला भांडलो तो राग अजून आहे. पण सोमवारी निघताना मिस ॲटवॉटरनं सहज सांगितलं, "पाठवाल तर सहीच्या पोस्टानंच पाठवा. ज्यानं घेतलं त्याची सही पाठवणाऱ्याला फोनवर दिसते." मी खुर्चीतून उठले होते, ती पुन्हा बसले.

म्हणजे तुला ऑक्टोबरातच दिसली होती माझी सही. नाताळात तू विचारलंस ते कळून घ्यायला नाही. खरं बोलायला तू मला वाट करून दिली होतीस आणि मी ती घेतली नाही. घटस्फोटानंतर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोस, हेही ठाऊक होतं मला. तरी मी माझंच बघितलं. मला लाज वाटते, क्लिफ.

पाकिटात दुसरा एक कागद आहे. मुदत वाढली की फ्लॅट विकायला माझी हरकत नाही, असं त्यात लिहून दिलं आहे. आज दुपारी मिस ॲटवॉटरकडे जाऊन सही केली; ती आणि तिची कारकून, दोघी साक्षीदार आहेत. तो तुझ्याकडेच ठेव. मला सही दे, नाहीतर देऊ नकोस, पण तो कागद परत पाठवू नकोस.

हे पाकीट सहीच्याच पोस्टानं येतंय. तू घेतलंस की तुझी सही मला दिसेल. बाकी काही लिहिलं नाहीस तरी तेवढी मी बघेन.

पोस्टमनच्या यंत्रावर बोटानं सही करणारी ती बाई,
तुझी बहीण,
हेझल