बेचाळीस सेकंद

दादा,

काल मॅरेथॉनआधीच्या सराव शर्यतीत पोरगी ठरल्या वेळेपेक्षा बेचाळीस सेकंद उशिरा आली, आणि तू सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली आवाज काढलास. ती पडली, तरी थांबला नाहीस. बुटाने तुडवलंस तिला. "मोठी शर्यत तीन आठवड्यांवर आली आणि ही माती खाते!" म्हणून ओरडत होतास. स्वतःची लेक आहे रे ती!

मी पंच. शिट्टी हातात धरून चार पावलांवर उभा होतो. वहीत तिची वेळ लिहून घेतली.

सगळ्याच मुली उशिरा आल्या, पण बाकीच्यांचं खापर वाऱ्यावर फुटलं. सगळे गेल्यावर मी रस्ता पुन्हा मोजला. वळणाचा शंकू मी चुकून विजेचे तीन खांब पुढे ठेवला होता. जाऊन-येऊन दोनशे दहा मीटर जास्त. पोरीच्या वेगाने तेवढ्याला बरोब्बर बेचाळीस सेकंद लागतात.

तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. मघाशी तिने मलाच विचारलं, "काका, माझं कुठे चुकलं?"

मी म्हणालो, "शेवटच्या चढावर ढिली पडलीस."

हे पत्र मी टाकणार नाही. तुझा मार लहानपणी मीही खाल्लाय.

तुझा धाकटा