तीन नंबरचं घड्याळ

३ जून २०२५

नवं काम आलं! मंगेश सरांचा नागपूरहून सकाळीच फोन. आपल्या बत्तीस नोडची घड्याळं बरोबर चालतात की नाही, हे आपोआप मोबाईलवर कळलं पाहिजे. आठवडाभरात. करणार कोण? पूनम! पांढुर्ण्याला घरी पंख्याखाली बसून काम करते ना, तिला काय त्रास!

नोड म्हणजे आमच्या कंपनीने भाड्याने घेतलेले सर्व्हर. लोकांचे ऑनलाइन अर्ज त्यांच्यावर भरले जातात — प्रवेशाचे, नोकरीचे. प्रत्येकाने मुख्य घड्याळाशी आपली वेळ सारखी ताडून बघायची असते. जुळली की स्क्रीनवरच्या बोर्डावर हिरवा, घसरली की लाल. लाल झाला की माझ्या मोबाईलवर टिंग!

जेवताना बाबांना सांगितलं. बाबा स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. घड्याळाचा विषय निघाला की त्यांचा घास हातातच राहतो. "आमच्या वेळेस रोज चार वाजता कंट्रोलचा फोन ये. टाइम मिलवा म्हने. हातातलं काम टाकून पयले घड्याळ! तू बी तेच करून राहिली, फक्त फोन उलटा केला."

मी म्हटलं, आणि घरी? स्वयंपाकघरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे! आईने लावलं होतं, आम्हा बहिणींना शाळेला उशीर होऊ नये म्हणून. आई जाऊन चार वर्षं झाली, घड्याळ पुढेच. सगळे त्यात बघतात आणि मनातल्या मनात दहा वजा करतात. "खोटं घड्याळ आहे बाबा तुमचं!" म्हटलं.

बाबा घड्याळाकडे बघत ताटावरून उठले. उगाच बोलले का मी? आईचं होतं ते.

५ जून

सूचना चालू केल्या आणि मोबाईल वेडा झाला. जेवणाआधी चौसष्ट टिंग! कुठलाही नोड बंद करून चालू केला की मिनिटभर 'वेळ जुळली नाही' म्हणून बोंब मारतो आणि मग गप्प बसतो. सरांच्याही मोबाईलवर जात होतं. त्यांचा फोन, "पूनम, बायको विचारून राहिली कोणाचे मेसेज आहेत एवढे!"

आता पाच मिनिटं थांबून मगच कळवायचं असं केलं. बरंच शांत झालं.

मानसीची सौंसरची बस चुकली. माझी धाकटी बहीण म्हणजे नमुनाच. म्हणते, घड्याळात बघूनच निघाली होती! झोपाळू कुठली.

८ जून

एकतीस नोड शहाण्यासारखे वागतात. तीन नंबरचा नाही. दिवसातून सात-आठ वेळा लाल होतो, मी धावत जाऊन बघते तर स्वतःच हिरवा. काय दुखतं ह्याला, सापडत नाही. आज रविवार, आणि भाजी चिरता चिरता तीनदा उठले.

शेवटी त्याच्या सूचना बंद केल्या. बोर्डावर राखाडी दिसतो आता. माहीत आहे ना हा उगाच ओरडतो, मग घरच्या घड्याळासारखं वजा करायचं झालं! उद्या नीट बघते आणि परत चालू करते.

९ जून

दिवसभर एकही टिंग नाही. सरांनी अंगठा पाठवला.

१० जून

हुश्श! मानसीचा अर्ज गेला एकदाचा.

नर्सिंगच्या चाळीस जागा, एका संस्थेच्या, खास आपल्या जिल्ह्यातल्या मुलींसाठी. अर्ज आमच्याच नोडवर. आज संध्याकाळी पाचची शेवटची मुदत, आणि ही बाई दुपारपर्यंत जातीचा दाखला शोधत होती! मानसीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. तीन वर्षांपासून प्रयत्न चाललाय, आईच्या आजारपणात दवाखान्यात राहून राहून तिने हेच ठरवलेलं. आणि तरी हा निवांतपणा!

त्यात तीनपासून लाइट नाही. माझा लॅपटॉप, मोबाईल दोन्ही केव्हाच बंद पडलेले. मानसीचा मोबाईल बॅटरीवर लावून ठेवलेला, समोरच्या खोलीत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. दाखला सापडला तेव्हा घड्याळात पाचला पाच कमी. म्हणजे पावणेपाच. ती लगबगीने उठायला लागली तर मीच हात धरला. "पंधरा मिनिटं आहेत अजून, चहा पिऊन जा. घाईत नाव चुकवशील."

चहा पिऊन मग भरला. तिचा मोबाईल एप्रिलमध्ये ओट्यावरून पडला तेव्हापासून वरची पट्टी काळी आहे, वेळ-बिळ काही दिसत नाही. फोटो जाईना, दोनदा टाकला. बटण दाबलं तेव्हा मी मान वळवून दारातून आत बघितलं — स्वयंपाकघरातल्या घड्याळात पाच वाजून सहा. पावती आली, वेळ चार छप्पन्न. मानसी नाचायलाच लागली! "पाह्य, चार मिनिटं उरले! उगाच घाबरवते तू."

आमच्या पोळ्या करायला येतात त्या पंचफुलाबाईंच्या नेहाने परवाच अर्ज भरला. माझ्याच ओट्यावर बसून, शांतपणे. तिच्याकडून शिकावं म्हटलं तर मानसी फुगली.

२४ जून

यादी लागली. चाळीस नावं. चाळिसावं — मानसी! बाबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. आईच्या फोटोपुढे एक ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मीही रडले. आनंदानेच.

नेहा वेटिंगवर, एक नंबर. मानसीपेक्षा दोन मार्क कमी. पंचफुलाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "नाव तं आलं ना ताई, वेटिंगमंदी का होईना. नाई लागलं तं हंगामात कापसाच्या जिनिंगवर जाईन म्हन्ते माझ्यासंगं." पेढा दिला तर त्यांनी अर्धा पदराला बांधला, नेहासाठी. मी अजून दोन काढून दिले. पेढ्यांनी काय होतं?

२६ जून



सूचनांची माहिती लिहून काढत होते, नव्या माणसासाठी. बोर्ड उघडला. तीन नंबर अजून राखाडी. परत चालू करायचा राहूनच गेला! अठरा दिवस!

मागच्या नोंदी काढल्या. नऊ तारखेला भाड्याने देणाऱ्या कंपनीने तो नोड एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवला. हलवताना दहा मिनिटं झोपवला. जागा झाला तो दहा मिनिटं मागे, आणि वेळ जुळवायचं काम परत सुरूच झालं नाही. अकरा तारखेला कोणीतरी तो बंद-चालू केला तेव्हा सुधारला. म्हणजे दहा तारखेला बाकीच्या नोडनी पाचला दार लावलं, आणि ह्याने पाच वाजून दहा मिनिटांनी. ह्याच्या लेखी तेव्हा कुठे पाच वाजले होते!

सूचना चालू असती तर नऊ तारखेलाच टिंग झाली असती. उगाच ओरडतो म्हणून मी ज्याचं तोंड बंद केलं, तो त्या दिवशी खरं ओरडणार होता.

मुदत संपल्यावर आलेले नऊ अर्ज वेळेत धरले गेलेत. सगळे अर्ज आधी जिथून आत येतात त्या दारावरच्या वेगळ्या नोंदवहीत खऱ्या वेळा आहेत, त्यावरून सापडले. आमच्याकडे नुसते अर्जांचे नंबर असतात, नावं संस्थेकडे.

आणि मानसी? मग आठवलं. घड्याळात पाच वाजून सहा, वजा दहा, चार छप्पन्न. पावतीवर चार छप्पन्न. तंतोतंत! तिचा दुसऱ्या नोडवर गेला असणार. पावतीचा नंबर ताडून बघावा असं मनात आलं, पण आपल्या नात्यातल्या माणसाचा अर्ज आपण उघडायचा नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. आणि गरज तरी काय?

नऊ जणींमधली एक जरी त्या चाळिसात असली तरी नेहा वर सरकते.

पण आधी सरांना सांगावं लागेल, की सूचना मी बंद केली होती. नोकरी गेली तर? बाबांच्या पेन्शनवर मानसीचं शिक्षण कसं व्हायचं? कोणाला काही कळलेलं नाही अजून. कळणारही नाही.

२७ जून

रोजच्यासारख्या पंचफुलाबाई आल्या. "ताई, चेहरा उतरला तुमचा, जेवल्या नाई का?" आणि न विचारताच गरम पोळी तूप लावून हातात दिली. मी ती तशीच ताटलीत ठेवली.

दहा वाजता सरांना फोन केला, एका दमात सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "तांत्रिक कारण असं लिही. तुझं नाव कशाले टाकतं?"

म्हटलं, नाही सर. तांत्रिक काही नव्हतं. मी भाजी चिरत होते आणि मला कंटाळा आला होता.

सर हसले की उसासा टाकला, कळलं नाही. "ठीक आहे. मंग माझं बी नाव टाक खाली. बोर्ड मी पण पाहत होतो. राखाडी मले तरी कुठं दिसला?" किती बरं वाटलं! मी उगाचच ह्या माणसाला खडूस म्हणत आले.

अहवाल चार वाजता गेला. नऊ अर्ज, नऊ खऱ्या वेळा. संस्थेचं लगेच उत्तर — नऊही बाद होतील, सोमवारी सुधारित यादी. रात्री गाढ झोप लागणार आज.

२८ जून

दुपारी चार वाजता पाणी प्यायला आत गेले तर बाबा स्टुलावर! एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा काटा सरकवताहेत.

"हे काय बाबा?"

"मिलवून राहिलो. सेल उतरला वाटते, दोन मिनिटं मागं पडलं." मग लहान मुलासारखे हसले. "तू खोटं म्हनली ना, दुसऱ्याच दिवशी चारले बरोबर लावलं. चार तारखेपासून रोज मिलवतो. तुमाले कोनालेच नाई समजलं!"

अहवालातली नववी ओळ मला पाठ आहे. खरी वेळ — पाच वाजून सहा मिनिटं.

मानसी घरी नाही. पांढऱ्या ड्रेसचं माप द्यायला शिंप्याकडे गेली आहे.