शिबिर दिवस मावळल्यावर घेण्याबाबत, आणि एका मेंढीबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, खडकमाळ,
ता. माण, जि. सातारा.

विषय : स्नायूंच्या आजाराचे तपासणी शिबिर सकाळऐवजी दिवस मावळल्यावर घेणेबाबत, व अनुषंगाने एका मेंढीबाबत.

संदर्भ : आमच्या मंडळाचे गेल्या महिन्यातील शिबिर, ज्यात एकही रुग्ण आढळून आला नाही.

महोदया,

१. सविनय सादर करतो की, मी सेनादलातून निवृत्त झालेला हवालदार असून मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार आहे. सकाळी मी ठणठणीत असतो. दिवस कलेल तसे स्नायू दमतात, डाव्या डोळ्याची पापणी खाली येते, घास गिळणे जड जाते. निदान होईपर्यंत गावाने मला दारुड्या ठरवून टाकले होते. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून मी गणपतीच्या मांडवात, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा या आजारावर बोलत सुटलो. त्यातून मंडळ उभे राहिले आणि संशोधनासाठी निधी जमू लागला. येथपर्यंत सर्व रीतसर आहे.

२. चैत्रातल्या जत्रेचे कुस्ती मैदान मंडळाने या निधीसाठी ठेवले. त्या सकाळी माझे चुलत बंधू व मंडळाचे अध्यक्ष शंभूराज घरी येऊन म्हणाले, "आण्णा, आवं तुमी असं टकाटक दिसला तर कोण दील का? आजच्या दिस दुपारची गोळी ऱ्हाऊ द्या." गोळीने पापणी उचललेली राहते हे आपण जाणताच. मी गोळी घेतली नाही. आजार खरा, पापणीही खरीच पडली. तेव्हा यास खोटे म्हणावे किंवा कसे, याचा खुलासा मला अद्याप झालेला नाही. हलगी थांबली आणि निवेदकाने मला आखाड्याच्या मधोमध उभे केले. लोक हळहळले. लाजेने मी मान खाली घातली, तर तोही लोकांना आजारच वाटला.

३. गर्दीतून रंगुबाई पुढे आल्या. त्या धनगरवस्तीवर राहतात, माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्यांनी माझी हनुवटी वर करून पापणीकडे बराच वेळ पाहिले आणि जाऊन कळपातली सर्वांत चांगली मेंढी मंडळाला आणून दिली. आमच्या जत्रेत दान आलेल्या वस्तूचा तिथेच लिलाव होतो. शंभूराज यांनी ती मेंढी घेतली व माझ्या सत्कारात मलाच दिली. शाल, श्रीफळ आणि मेंढी. सदर मेंढी माझ्या दावणीला असून आता व्यालेली आहे. मी गोळी तोंडात टाकतो तेव्हा ती माझ्याकडे बघत असते. मेंढी कोणाकडेही बघते हे मला कळते, पण त्याने काही फरक पडत नाही.

४. शेवटी गेल्या आठवड्यात मी मेंढी आणि कोकरू घेऊन वस्तीवर गेलो व सांगून टाकले की, मावशी, त्या दिवशी मी गोळी मुद्दाम चुकवली होती. त्या शिव्या देतील या तयारीने गेलो होतो. खरे सांगायचे तर शिव्या खायलाच गेलो होतो. त्या म्हणाल्या, "बरं केलंस लेकरा. तू गोळी खाल्ली असतीस, तर मला माझी राणी कवा दिसली असती?"

राणी ही त्यांची मुलगी. मेंढरं घेऊन घरी आली की तिच्या पापण्या मिटायच्या, भाकरीचा घास तोंडातच राहायचा. लोक तिला आळशी म्हणत. एका संध्याकाळी घास अडकून ती गेली. रंगुबाई म्हणाल्या, "तिच्या दुखण्याला नाव न्हवतं. तुज्या हाय." मेंढी त्यासाठी दिली होती. मला मान वर करवेना.

५. आता मूळ विषय. राणीची मुलगी दीपमाला आजीपाशी असते. आम्ही बोलत होतो तेव्हा दिवस मावळत होता आणि पोरीची पापणी खाली येताना मी पाहिली. निदान करणे माझे काम नाही. मात्र ही मुलगी आमच्या शिबिरात आली होती. सकाळी, रात्रभर झोप घेऊन, डोळे टक्क उघडे. आपण तिला नीट तपासले. त्या वेळी तिच्यात काही दिसण्यासारखे नव्हतेच. "ही सांजच्याला मिटती" असे आजीने सांगितलेही होते, पण भाषणाच्या कर्ण्यापुढे ते आपणांस ऐकू गेले नाही. वेळ आम्ही ठरवली होती, कारण प्रमुख पाहुण्यांना दुपारी साखरपुड्याला जायचे होते. ज्या आजारावर मी गावभर भाषणे दिली, तो संध्याकाळी दिसतो हे मीच विसरलो. मी त्या दिवशी स्टेजवर होतो, सकाळची गोळी घेऊन.

६. दिवाळीच्या पाडव्यानंतर वस्तीवरची मेंढरे कोकणाच्या वाटेला लागतात आणि दीपमालाही त्यांच्यामागे जाईल. तरी त्यापूर्वी आपण एकदा दिवस मावळताना वस्तीवर यावे. कार्यालयीन वेळेमुळे ते शक्य नसल्यास मी दोघींना घेऊन दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसेन. पडलेली पापणी ताडून पाहायची असेल आणि आपण सांगाल, तर मी माझी गोळी न घेता येईन. या खेपेला कोणाकडून काही घ्यायचे नाही.

७. मेंढीबाबत : रंगुबाईंनी ती परत घेण्यास नकार दिला आहे. "पोरीची पापणी उचलू दे, मग न्हेतो माघारी," असे त्यांचे म्हणणे आहे. तरी सदर मेंढी शक्य तितक्या लवकर परत जावी, ही नम्र विनंती.

आपला नम्र आणि ओशाळा,
धनाजी जोतिबा काटकर
(हवालदार, निवृत्त)
खडकमाळ, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) माझ्या औषधांच्या चिठ्ठीची प्रत.
२) कु. दीपमाला हिचे एकाच दिवशी काढलेले दोन फोटो, सकाळचा व संध्याकाळचा. कृपया संध्याकाळचा आधी पाहावा.