हेल्मेटवर ठेवलेला पंजा

बाबा, आज कारखान्यात आग लागली तर काय करायचं याची तालीम झाली. मशिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून शिकवायला आलेल्या माणसाने हाताच्या खुणा दाखवल्या. मूठ वर करून म्हणाला, "मुठ्ठी मतलब रुको, समझे?" पॅकिंगच्या बाकी बायका माना डोलावत होत्या आणि मी मूठ वर करायची सोडून हसत सुटले, कारण त्याच्या जागी मला तुम्हीच दिसायला लागलात.

फौजेतून कायमचे तारापूरला परत आलात तेव्हा मी नववीत होते. स्वयंपाकघरात आई सुकट निवडतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलायत आणि मला धडे देताय. अंगठा खाली, म्हणजे शत्रू दिसला. अंगठा वर, म्हणजे रस्ता मोकळा. पंजा डोक्यावर सपाट, म्हणजे सगळे माझ्याजवळ या. आई म्हणते, "पोरीला काय लढाईला पाठवायची हाय का?" आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे बघत अंगठा खाली करता.

परदेशातली ती गोष्ट तुम्ही फार रंगून सांगायचात. शांतिसेनेत दुसऱ्या एका देशाचे जवान तुमच्याबरोबर गस्तीला होते. रस्त्यावरची माती उकरलेली दिसली आणि तुम्हाला सुरुंगाचा संशय आला. तुम्ही हेल्मेटवर पंजा ठेवून सगळ्यांना जवळ बोलावलंत. आपले आले. एक परका जवान मात्र तिथेच थांबून बोटाने माणसं मोजायला लागला, कारण त्यांच्या फौजेत हेल्मेटवर हात म्हणजे माणसं मोजा! मोजता मोजता तो मागे सरकत होता, नेमका त्या मातीकडे. तुम्ही धावत जाऊन त्याला पट्ट्याला धरून ओढलंत. तो भडकला, तुम्हाला ढकललंही त्याने. नंतर खरंच सुरुंग निघाला तेव्हा तो तुमच्या शेजारी येऊन बसला. "भाषा वेगळी, हे ठाऊक होतं," तुम्ही म्हणायचात, "पण हातसुद्धा वेगळं बोलतात, हे त्या दिवशी कळलं." मग संध्याकाळी चहा पीत तुम्ही दोघांनी एकमेकांच्या खुणा शिकून घेतल्यात.

तुम्हाला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली, तेव्हा मला ही गोष्ट आठवली नसती तर काय झालं असतं कोण जाणे. पालघरच्या दवाखान्यात मी शिफ्ट संपवून पोचले तर नर्स वैतागलेली. "आजोबांचं डोकं फार दुखतंय. सारखा हात डोक्यावर नेतात, आणि गोळी दिली की थुंकून टाकतात." बघते तर तुमचा डावा पंजा डोक्यावर सपाट. "अहो, डोकं नाही दुखत त्यांचं," मी म्हटलं, "आम्हाला जवळ बोलावतायत ते." बाहेर बाकावर बसलेल्या आईला मी आत आणलं. आम्ही दोघी खाटेला खेटून बसलो तेव्हा कुठे तुमचा हात खाली आला. त्या दिवसापासून मी तुमची दुभाषी झाले. बिनमिठाची पेज समोर आली की तुमचा अंगठा खाली, आणि मी नर्सला सांगायची, "शत्रू दिसलाय." ती पदराआड हसणारी आई अजून डोळ्यांसमोर आहे.

तुम्ही आम्हाला सोडून गेलात, त्याच्या आदल्या दुपारी तुम्ही आईकडे बघत हात उचललात. पंजा हळूच पुढे लोटलात, मग छातीशी आणलात. पुन्हा तसंच. मला काही कळेना. मी म्हटलं, "ही कुठली? त्या परक्या फौजेची का?"

आईने तुमच्यावरची नजर काढली नाही. "फौजेची नाय गो ती. फौजेत भरती व्हायच्या आदी तुजा बाबा बोटीवर जायचा ना, तेवा मी किनाऱ्यावर उबी असायची. तो तिकडून असा हात करायचा. तू घरी जा, मी येतो मागनं." एवढं बोलून तिनेही हात वर केला आणि तुम्हाला काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं हे तिने मला सांगितलं नाही. तुम्ही मात्र डोळे मिटून शांत पडलात.

हे लिहिलेलं मी आईलासुद्धा दाखवणार नाही. खरं सांगू? त्या दुपारी, तशा वेळीही, मला तिचा थोडा हेवा वाटला. तुमचे हात फक्त मलाच वाचता येतात, असं मी धरून चालले होते.