न पडण्याचा दाखला

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
उजेड धर्मादाय नेत्र रुग्णालय, लोणावळा

अर्जदार : शालन हनुमंत ओव्हाळ, वय ७१, निवृत्त अंगणवाडी सेविका,
रा. टाकवे बुद्रुक, ता. मावळ, जि. पुणे

विषय : अर्जदार यापुढे पडणार नाही, असा लेखी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकीवर माझ्या सुनेस मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

सविनय सादर करते की, आपल्या रुग्णालयात माझ्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. डावा डोळा नंतर करायचे ठरले. दरम्यान एका डोळ्याला लख्ख आणि दुसऱ्याला धुके, अशा स्थितीत घराचा जिना उतरताना शेवटची पायरी माझ्या अंदाजापेक्षा खाली निघाली व मी पडले. मनगट सुजले, हाड शाबूत राहिले. आपल्या डॉक्टरसाहेबांनी सांगितले की, दुसरा डोळा झाला की अंदाज सुधारेल, तोवर जपून चालावे. माझ्या मुलाने त्यातले "जपून" एवढेच ऐकले.

मुलगा धम्मदीप एका खासगी कंपनीत सेफ्टी विभागात आहे. आमचे राहणे वरच्या मजल्यावर, खाली भाडेकरू. त्याने जिन्याच्या पायऱ्यांना पिवळे-काळे पट्टे मारले, दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आणि एवढे करून वरच्या तोंडाशी लोखंडी ग्रिल लावून कुलूप घातले. गावात इतका सुरक्षित जिना दुसरा नसेल; फक्त तो उतरायची मला परवानगी नाही. विचारले तर म्हणतो, "आई, कंपनीत साधी शिडी चढायची तरी परमिट लागतंय, सही लागतीय. तू तर माझी आई हायेस." तू पडणार नाहीस असे डॉक्टरांनी लिहून द्यावे, मग कुलूप काढतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या खिडकीवर सांगण्यात आले की, दुसरा डोळा झाल्याशिवाय कसलाही दाखला मिळणार नाही. आणि दुसऱ्या डोळ्यासाठी लोणावळ्यास यायचे तर जिना उतरावा लागतो. महोदय, यातून वाट कुठून काढायची हे आपणच सांगावे.

तो वाईट नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. त्याचे वडील न्हाणीत घसरले, खुब्याचे हाड मोडले आणि ते अंथरुणावरून पुन्हा उठले नाहीत. धम्मदीप तेव्हा कंपनीत पाळीवर होता. परक्यांना सांभाळत बसलो आणि घरचा माणूस गेला, हे त्याच्या मनातून जात नाही. त्याच्या भीतीची मला कीव येते आणि त्याच्या कुलपाचा संतापही येतो. मोतीबिंदू पिकत होता तेव्हा मी चाचपडत सगळा गाव फिरत होते, तेव्हा कोणी अडवले नाही.

दाखल्याची घाई वेगळ्याच कारणासाठी होती. समोरच्या घरी विठाबाई राहत. माझ्या अंगणवाडीत त्या मदतनीस. आम्ही दोघींनी मिळून गावाची निम्मी पोरे वाढवली. गेली काही वर्षे मी त्यांना आवाजावरूनच ओळखत होते. डोळा झाला की त्यांचे तोंड जवळून पाहायचे, हे मी मनाशी धरले होते. त्या आजारी होत्या, चालवत नव्हते. तरी दारात खुर्ची टाकून ओरडायच्या, "बाई, या की खाली! मला का वर येता येतंय व्हय?" मी ग्रिलमधून सांगायचे, दाखला येऊ द्या.

गेल्या मंगळवारी विठाबाई गेल्या. पाऊस होता म्हणून लोकांनी घाई केली. सून कामावर, धम्मदीप पाळीवर, किल्ल्या त्यांच्याजवळ. फोन केल्यावर तो धावत आला, पण तोवर विठाबाईंना नेले होते. वरून मला नुसत्या छत्र्या दिसल्या. धम्मदीप पायरीवर बसून रडला, "आई, चुकलं माझं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुलूप पुन्हा लागले, कारण पायऱ्यांवर शेवाळ धरले होते.

तेव्हा मूळ मागणी मी मागे घेते. अमुक माणूस पडणार नाही, असे कोणताही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही, हे मला कळते. त्याऐवजी, अर्जदार समक्ष हजर राहिल्याशिवाय अर्जाचा विचार होणार नाही, असे कडक शब्दांत, सही-शिक्क्यानिशी कळवावे. असा नियम आपल्याकडे असेलच; नसल्यास माझ्यापुरता करावा. धम्मदीप माझे ऐकत नाही, पण शिक्क्यापुढे त्याचे काही चालत नाही. पत्र हाती पडताच तो स्वतः माझा हात धरून मला खाली आणील. डोळा त्या दिवशी नाही झाला तरी चालेल. वाटेत मला विठाबाईंच्या दारात थोडे बसायचे आहे.

आपली नम्र व सध्या वरच्या मजल्यावर मुक्कामी,

(सही)
शालन हनुमंत ओव्हाळ
टाकवे बुद्रुक, दि. १४ जुलै २०२५

सोबत : शस्त्रक्रियेच्या कार्डाची झेरॉक्स.
(अर्ज सून प्रतीक्षा हिच्या हस्ते सादर.)