कानात कापूस

३ नोव्हेंबर, सोमवार
शरच्चंद्रकाका वाघोलीला छापखान्याची दुसरी शाखा काढताहेत. ती कोणाच्या हाती द्यायची ते लग्नसराईतलं काम बघून ठरवणार म्हणाले. म्हणाले स्वरालीकडे बघून, पण ती दाराशी बसते म्हणून. उत्तर उघड आहे. मी.

स्वराली दिवसभर काउंटरवर गप्पा मारते. पत्रिका छापायला आलेल्यांच्या घरात कोण रुसलंय, कोणाचे गुडघे दुखतात, सगळं तिला ठाऊक. याला ती काम म्हणते. मी बारावी नापास आहे, पण मी टाइप केलेल्या मजकुरात एक चूक काढून दाखवावी.

आजपासून एकाग्रता.

४ नोव्हेंबर
मोबाईलवर एकाग्रतेचे व्हिडिओ पाहिले. त्यात सकाळ गेली, पण ती गुंतवणूक आहे. ठरलं : फोन ड्रॉवरमध्ये. कानात कापूस. कोणी बोललंच तर मान हलवायची, म्हणजे विषय संपतो.

काकांनी विचारलं, "आमोद, कान फुटलाय का?" म्हटलं, फोकस. म्हणाले, "असं होय. मग डॉक्टरला दाखव." जुन्या लोकांकडून अपेक्षा नाही.

६ नोव्हेंबर
चहा बंद. लक्ष विचलित होतं.
दुपारी दोन कप घेतले. डोकं दुखत होतं, तेही चहा बंद केल्यामुळेच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
स्वराली उद्या सुट्टीवर. दुकानाचा फोन माझ्या टेबलावर ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत होती. ओठ हलताना दिसले. मान हलवली. गेली. पद्धत काम करते.

फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

८ नोव्हेंबर, शनिवार
उत्तम दिवस. लोणी काळभोरच्या गेनबांच्या मुलीची, वैष्णवीची पत्रिका उरकली. मोठी ऑर्डर. आमच्याकडे गिऱ्हाइकाला समोर बसवून सगळी नावं मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मगच छापायची पद्धत आहे. शुद्ध पोरकटपणा. मीच दोनदा वाचली. निर्दोष.

मशिनवरच्या सुखदेवनं विचारलं, गिऱ्हाइकानं ऐकली का? मान हलवली. छापून झाली.

वाघोलीत माझी खुर्ची खिडकीशी हवी.

१० नोव्हेंबर, सोमवार
रात्री कान दुखला, म्हणून आज कापूस घातला नाही. त्यामुळे सगळं ऐकावं लागलं.

पत्रिका न्यायला गेनबांचे धाकटे भाऊ आले, माऊली. बसल्या बसल्या स्वरालीला सांगू लागले, "बांधावरनं सात वरसं बोलणं न्हवतं आमचं. आता थोरला म्हनला, निमंत्रकात तुझं नाव घातलंय, तूच जाऊन घेऊन ये." चष्मा लावला. नावांवरून बोट फिरवलं. पुन्हा वरून फिरवलं. मग पत्रिका गठ्ठ्यावर ठेवली, म्हणाले, "छपाई झ्याक हाय," आणि निघून गेले. गठ्ठे तसेच.

छपाईचं कौतुक केलं, हे नोंदवून ठेवतो.

स्वराली माझ्यावर ओरडली. भावाचं नाव घालायचं का ते गेनबा फोन करून सांगणार होते, तोवर छापू नकोस, हे तिनं शुक्रवारी सांगितलं होतं म्हणे. "तू मान हलवलीस!" तोंडी सूचना. चिठ्ठी लिहायला काय झालं होतं? ड्रॉवर उघडला. गेनबांचे मिस्ड कॉल स्क्रीनभर, शेवटी मेसेज : माऊलीचं नाव घाला. माणसाला एकदा फोन करून थांबता येत नाही.

११ नोव्हेंबर
पत्रिका पुन्हा छापल्या. स्वराली त्या घेऊन लोणीला गेली, दोघा भावांच्या पाया पडली, तिथेच जेवली. कामाचा अख्खा दिवस बुडवला. काकांच्या लक्षात आणून दिलं. म्हणाले, "खरंय. तू मात्र जागेवरच होतास. शनिवारसारखा."

१७ नोव्हेंबर, सोमवार
वाघोली स्वरालीला. यात राजकारण आहे. मला काउंटरवर बसवलंय, फोन घ्यायला. काकांनी कापसाचा पुडा स्वतःच्या कपाटात ठेवला.

दिवसभर फोन. प्रत्येकाला स्वराली मॅडमच हव्यात.

संध्याकाळी गेनबांचा आला. लग्नाचं आमंत्रण द्यायला, तिला आणि काकांना. म्हटलं, मी आमोद बोलतोय. म्हणाले, "बरं. निरोप द्याल का तिला?"

मी मान हलवली.

त्यांनी थोडी वाट पाहिली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "मीच करतो तिला."